आषाढातील डोंगर आणि 'अनापत्ती' : महाड-पोलादपूरच्या दरडींचा इतिहास

महाड हे नाव आपल्या वाचकांना दोन तारखांमुळे परिचित आहे : २० मार्च आणि २५ डिसेंबर. या दोन्ही दिवशी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात, चवदार तळ्याला व क्रांतिस्तंभाला वंदन करतात, वेळ असल्यास शहराबाहेरील गांधारपाले लेणी पाहतात आणि परततात. या दोन्ही वेळी सह्याद्री शांत असतो. डिसेंबरात उतारावरचे गवत सोनेरी झालेले असते आणि मार्चमध्ये नद्यांचे पात्र आटून दगडगोटे उघडे पडलेले असतात. ज्या डोंगराचे दर्शन घेऊन यात्रेकरू परततो तोच डोंगर आषाढात कसा असतो, हे मात्र महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर राहणारा माणूसच जाणतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या आषाढातील डोंगराचा इतिहास मांडणार आहोत. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने दरडींविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आम्हास आशा आहे.

घटनांचा क्रम

प्रथम घटना पाहू. दि. १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातील करंजाडीजवळ लोहमार्गावर आलेल्या दगडांवर आदळून मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली आणि तिचे डबे पुलावरून खाली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून २००३ रोजी, कोकण रेल्वेच्याच मार्गावर वैभववाडीनजीक असाच अपघात होऊन पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. डोंगर कापून काढलेला मार्ग पावसाळ्यात किती सावधपणे वापरावा लागतो, याचा हा कठोर धडा होता. त्यानंतर पावसाळ्यातील गस्त, गाड्यांचा मर्यादित वेग, कापलेल्या उतारांवरील जाळ्या इत्यादी उपायांवर भर देण्यात आला.

परंतु रेल्वेमार्गाची गस्त घालणारे असतात, वाडीच्या डोक्यावरील डोंगराची गस्त कोण घालणार ? या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच वर्षी अत्यंत क्रूरपणे समोर आले. जुलै २००५ च्या २५ व २६ तारखांना झालेल्या अतिवृष्टीची आठवण मुंबईच्या प्रलयामुळे सर्वांस आहे. सांताक्रूझ येथे २६ जुलैला एका दिवसात ९४४ मि. मी. पावसाची नोंद झाली. पण त्याच पावसाने महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी आणल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. मुंबईच्या बातमीखाली ही बातमीही काही काळ गाडली गेली.

यांतील दासगाव हे नाव आपल्या इतिहासात आधीच नोंदलेले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्यासमवेतचे सत्याग्रही मुंबईहून जलमार्गाने आले ते याच दासगावच्या बंदरावर उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. सावित्री नदीच्या काठचे, मागे डोंगर आणि पुढे पाणी असलेले हे गाव. ज्या भूमीवरून ती मिरवणूक गेली तिच्या माथ्यावरचा डोंगर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी खाली आला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे ?

सोळा वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली. दि. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथील कोंडाळकर वाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. काहींचे देह हाती लागले नाहीत आणि शेवटी शोध थांबवावा लागला. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळून अकरा जणांचा अंत झाला. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मि. मी. पाऊस पडला होता आणि तेच पाणी सावित्रीच्या खोऱ्यात उतरून महाड शहर बुडाले होते. म्हणजे वर दरड आणि खाली पूर अशा दुहेरी कोंडीत हा सारा प्रदेश सापडला. रस्ते पाण्याखाली, दूरध्वनी बंद, आणि मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. तळीयेच्या पुनर्वसनासाठी घरे उभारण्याचे काम पुढे म्हाडाकडे सोपवण्यात आले.

महाड-पोलादपूरच्या बाहेर पाहिले तर ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आणि ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड ही नावे याच मालिकेत येतात. यांतील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती. ती संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हे त्या रात्री सिद्ध झाले.

डोंगर का सुटतो

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्यातून हा काळा पाषाण बनला. दोन कठीण थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा मऊ थर आढळतो. वरच्या खडकाचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून त्याची माती व मुरूम होतो. कोकणच्या बाजूचे उतार तीव्र आहेत. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, खालच्या कठीण खडकापाशी अडते आणि मातीच्या कणांमधील दाब वाढवते. माती जड होते, तिची पकड मात्र सैल होते. एका मर्यादेनंतर सबंध उतार झाडे, घरे, गोठे यांच्यासह घसरतो.

हिमालयात बर्फाचे कडे कोसळतात त्याच्याशी या क्रियेचे जवळचे साम्य आहे. तेथे धोक्याचा एक मोठा काळ वसंताचा असतो. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की बर्फाचा वरचा थर वितळतो, पाणी झिरपत खालच्या एखाद्या दुबळ्या थरापर्यंत जाते आणि वरचे सारे ओझे घेऊन उतार सुटतो. मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात अशाच हिमकड्यांनी मोठी प्राणहानी झाली. तेथे वसंतातील ऊन जे करते तेच येथे आषाढातील पाऊस करतो. दुबळा थर, झिरपणारे पाणी आणि तीव्र उतार ही तिन्ही कारणे दोन्हीकडे समान आहेत. फरक एवढाच की, बर्फाच्या प्रदेशांनी या धोक्याची रोजच्या रोज सूचना देण्याची परंपरा निर्माण केली. युरोपात १९९३ पासून हिमकड्यांच्या धोक्याच्या पाच पायऱ्या सर्वमान्य आहेत आणि डोंगरात जाणारा माणूस सकाळी ती पायरी पाहूनच पाऊल उचलतो. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण प्रदेशांचे नकाशे तयार केले आहेत आणि जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे दरडींचा अंदाज वर्तविणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. परंतु नकाशातील रंग आणि वाडीतील चूल यांच्यामधील अंतर अद्याप मोठे आहे.

निसर्गाच्या या कारणांत मनुष्याच्या कृतीची भर पडते. उताराचा पायथा कापून रस्ता काढणे, घरासाठी जागा सपाट करताना मागचा डोंगर सरळ उभा तोडणे, झाडे तोडणे, ओहोळांचे जुने मार्ग बुजवणे, या सर्वांमुळे जो उतार कदाचित शतकभर टिकला असता तो एका पावसात जातो. आणि तेथे घर कोण बांधतो ? ज्याला सपाट जमीन मिळाली नाही तो. कोकणातील गाव हे वाड्यांचे गाव असते. भाताची खाचरे खालच्या सखल जागेत आणि ज्यांच्या वाट्याला ती आली नाहीत त्यांची वस्ती पुष्कळदा डोंगराच्या अंगाला किंवा नदीच्या काठाला. कोणी कोठे राहावे हे भूगोलाने ठरवले, असे म्हणणे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे समाजव्यवस्थेने ठरवले. दरड मात्र जात पाहत नाही. तळीयेत काय आणि दासगावात काय, मातीखाली गेली ती माणसेच होती.

लेणे म्हणजे काय

महाडच्या उत्तरेस, मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारपाले लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ती कोरली गेली. तेथील एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ ओवरक म्हणजे खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी म्हणजे पाण्याची टाकी आणि एक वाट दान दिल्याची नोंद आहे. आम्ही हा लेख विद्यार्थ्यांस शिकवतो तेव्हा त्यांचे लक्ष शेवटच्या दोन वस्तूंकडे मुद्दाम वेधतो. पाण्याची टाकी आणि वाट ! दात्याने केवळ निवारा दिला नाही. डोंगरावर पडणारे पाणी कोठे साठेल आणि माणूस डोंगरावरून कसा येईल-जाईल, याचीही व्यवस्था त्याने दानात धरली. कोरणाऱ्यांना खडक ओळखावा लागत होता. ज्या थरात भेगा थोड्या आणि पाषाण एकसंध, तेथेच छिन्नी चालवावी लागत होती. सुमारे अठराशे पावसाळे झेलून ही लेणी उभी आहेत.

पालि भाषेत 'लेण' या शब्दाचा अर्थच मुळी आश्रय असा आहे. विनयपिटकात विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा या पाच प्रकारच्या निवासांना 'लेण' म्हटले आहे. आपला मराठी 'लेणे' हा शब्द त्याच कुळातला. परंतु धम्मपदातील बुद्धवग्गात याच्याच दुसऱ्या बाजूचा उपदेश आहे : भयभीत झालेली माणसे पर्वत, वने, उद्याने, वृक्ष यांना शरण जातात, पण तो सुरक्षित आश्रय नव्हे. डोंगर हा आपोआप आश्रय होत नाही. ज्ञानाने आणि श्रमाने तो आश्रय करावा लागतो, एवढा बोध या दोन वचनांच्या एकत्र वाचनातून आम्ही घेतो.

वर्षावास आणि अनापत्ती

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळतो. वरील तारखांकडे पुन्हा पाहावे. २००५ साली आषाढी पौर्णिमा २१ जुलैला होती आणि दासगाव-जुईची दरड चार दिवसांनी कोसळली. २०२१ साली ती २४ जुलैला होती आणि तळीयेचा डोंगर दोन दिवस आधी सुटला. म्हणजे भिक्खुसंघाच्या वर्षावासाचा आरंभ आणि सह्याद्रीतील सर्वांत धोक्याचा काळ हे दोन्ही एकत्र येतात. हा केवळ योगायोग नाही. दोहोंचे कारण एकच, भर पावसाळा.

वर्षावासाचा नियम महावग्गाच्या तिसऱ्या खंधकात आला आहे. पावसाळ्यात पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात आणि हे श्रमण मात्र हिरवे गवत व बारीक जीव तुडवीत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली वा रांजणात वर्षावास करू नये, योग्य निवास असल्याखेरीज वर्षावास धरूच नये, असेही सांगितले. नियम कडक होता. विनाकारण वर्षावास मोडणे ही 'आपत्ती' मानली गेली. विनयाच्या परिभाषेत आपत्ती म्हणजे दोष, अपराध.

परंतु याच खंधकात पुढे अपवादांची मोठी यादी येते. हिंस्र पशूंचा, सापांचा, चोरांचा उपद्रव झाला, गाव आगीत जळाले वा पाण्याने वाहून गेले, निवास जळाला वा पाण्याने वाहून गेला, तर 'हाच तो अंतराय' असे जाणून भिक्खूने निघून जावे, वर्षावास मोडल्याची आपत्ती नाही, 'अनापत्ती', असा निर्णय आहे. चोरांच्या भयाने गाव उठून दुसरीकडे गेले तर गाव जेथे जाईल तेथे जावे, अशीही अनुज्ञा आहे. येथवरचे अपवाद घडलेल्या संकटाचे आहेत. पण आणखी पुढे गेल्यावर असे प्रसंग येतात की, जेथे संकट अद्याप घडलेले नाही. एखाद्या ठिकाणी मोह दाखवला जातो आणि भिक्खूच्या मनात येते की, चित्त लवकर पालटणारे आहे, येथे आपल्या ब्रह्मचर्याला बाधा येऊ शकेल. एवढ्या शंकेवरूनही निघून जाण्यास अनापत्ती आहे. शीलरक्षणासाठी जर केवळ संभाव्य धोका पुरेसा मानला गेला, तर प्राणरक्षणासाठी तो अपुरा कसा ठरेल ? हे अनुमान आमचे आहे, मूळ ग्रंथाचे शब्द नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण ते ग्रंथाच्या आशयाला धरून आहे असे आम्हास वाटते.

या शब्दाकडे आम्ही वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला. २०२१ नंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर गेलो होतो. तेथील एक वृद्ध बाई म्हणाल्या, "गुरुजी, दरवर्षी नोटीस येते, शाळेत जाऊन राहा म्हणून. आम्ही जातो, आणि डोंगराला काही होत नाही. मग परत आल्यावर लोक हसतात. गुरांना कोण बघणार ? चार वेळा गेलो, पाचव्यांदा पाय निघत नाही." आम्हाला त्या वेळी उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर महावग्गातील तो शब्द आठवला. घर सोडून जाणे आणि मग काहीच न घडणे, यात त्या बाईंना एक प्रकारचा दोष, एक लाज वाटत होती. मराठीत 'आपत्ती' म्हणजे संकट आणि पालित 'आपत्ती' म्हणजे दोष. दोन्ही अर्थ एकाच धातूतून आले आहेत. संकट टाळण्यासाठी निघालेल्या माणसाच्या माथी दोष येत नाही, हेच विनयाने सांगितले. चार वेळा निघालो आणि डोंगर पडला नाही, म्हणून ती चार निघणी व्यर्थ ठरत नाहीत. पाचव्या वेळचे पाऊल त्या चार पावलांच्या सवयीनेच उचलले जाते. आणि गुरांचा प्रश्न हा हसण्यावारी नेण्याचा नव्हे. गोठ्यातील जनावरांची सोय केल्याखेरीज नुसती नोटीस देणे म्हणजे अर्धाच निवारा देणे होय. विष्णुपालिताने लेण्याबरोबर वाटही दिली होती, हे विसरता कामा नये.

हे कर्मफल नव्हे

दरड कोसळली की काही माणसे 'त्यांचे नशीब', 'पूर्वजन्मीचे भोग' असे बोलून मोकळी होतात. बौद्ध वाचकाने हे उत्तर स्वीकारू नये. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात मोलियसीवक या परिव्राजकाने भगवंतांस विचारले की, मनुष्यास जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे मत खरे काय ? भगवंतांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूंचा पालट, विषम परिहार म्हणजे हेळसांड, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे त्यांनी सांगितली आणि सर्व काही एकाच कारणावर ढकलणारे प्रत्यक्षाचे उल्लंघन करतात, असे म्हटले. सुत्ताचा विषय शरीराच्या वेदना हा आहे. परंतु विचाराची पद्धत आपल्याला येथेही उपयोगी पडते. तळीयेत ऋतूचा पालट होता, उताराच्या बाबतीत कोठे कोठे विषम परिहारही असतो. ही कारणे शोधून दूर करता येतात, नशीब दूर करता येत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात ऋतुनियम व बीजनियम ही सृष्टीची व्यवस्था आणि कर्मनियम ही नैतिक व्यवस्था, असा भेद स्पष्ट केला आहे. पाऊस ऋतुनियमाने पडतो. त्या पावसाखाली कोणाला कोणत्या जागी राहावे लागते, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर समाजाने द्यावयाचे आहे.

विश्वासू दूत

कोसलसंयुत्तात पब्बतूपम सुत्त आहे. राजा पसेनदी राजकारभारातून येऊन भगवंतांजवळ बसला असता भगवंत विचारतात : पूर्वेकडून एक माणूस येऊन सांगतो की, आभाळाएवढा पर्वत सर्व प्राण्यांना चिरडीत येत आहे. मग पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडूनही तशीच वार्ता येते. अशा वेळी तू काय करशील ? हत्ती, रथ, मंत्री, साठवलेले सोने, काहीच उपयोगी पडणार नाही, हे राजा मान्य करतो आणि धम्माचरण, समचर्या, कुशल व पुण्यकर्म याखेरीज करण्यासारखे काय आहे, असे म्हणतो. सुत्तातील पर्वत म्हणजे जरा आणि मरण होय. परंतु येणाऱ्या दूतांना सुत्तात जी दोन विशेषणे लावली आहेत त्यांकडे सहसा लक्ष जात नाही. तो माणूस 'सद्धायिक' आणि 'पच्चयिक' आहे, म्हणजे श्रद्धेय आणि भरवशाचा आहे. म्हणूनच राजा वार्ता खरी की खोटी यात वेळ घालवीत नाही.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांना आज अशा दूतांची गरज आहे. मोठी यंत्रणा तिचे काम करील. पण जमिनीला भेग पडली, झाड वा खांब कलला, दाराची चौकट अडकू लागली, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले, नवा झरा फुटला किंवा भर पावसात ओहोळ एकाएकी आटला, या खुणा प्रथम दिसतात त्या वाडीतल्याच माणसाला. फाल्गुन-चैत्रात, जेव्हा गवत वाळून उतार उघडा पडतो, तेव्हा डोंगर चढून जुन्या भेगा पाहून ठेवाव्यात, पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. हीच ती वेळ, जेव्हा आपण २० मार्चला महाडला असतो. आषाढात रोजचा पाऊस मोजून वहीत लिहावा. आणि जेथे विहार वा समाजमंदिर सुरक्षित जागी असेल तेथे त्याची दारे वर्षावासाच्या तीन महिन्यांत केवळ भिक्खूंसाठी व ग्रंथवाचनासाठी नव्हे, तर वरच्या वाडीतून रात्री उतरून येणाऱ्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या कुटुंबासाठी उघडी असावीत. 'लेण' या शब्दाचा तोच मूळ अर्थ आहे.

१९२७ साली महाडला माणसे पाण्यावरचा आपला हक्क बजावण्यासाठी चालत आली. त्या पाण्यापासून जीव वाचविण्याचा हक्कही तितकाच मोलाचा आहे. पुढच्या वेळी चवदार तळ्याला वंदन करून परतताना वाचकांनी क्षणभर दासगावच्या डोंगराकडे पाहावे आणि आषाढात त्याच्या पायथ्याशी कोण झोपलेले असते, याची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.